सातशे चुंबळी आणि एक क्रियापद

चि. योगराज यास,

भडगावहून तुझ्या भाऊजींचे आशीर्वाद. (आशीर्वाद या शब्दातला 'शी' दीर्घ असतो. तुझ्या दिवाळीच्या पत्रात तो ऱ्हस्व होता. पत्र जपून ठेवलं आहे, येशील तेव्हा दाखवीन.) तुझा खोकला कसा आहे? दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांना दोष देण्याआधी विडी सोडून बघ, असं मी नाही, तुझी अक्का म्हणते. सौ. हेमांगीचे गुडघे आता बरे असतील. भाविकाची दहावी जवळ आली, तिला निबंधासाठी माझ्याकडे पाठव असं मी म्हणालो होतो, पण सध्या पाठवू नकोस. सध्या आमच्या घरात पाटावर, खाटेवर, देवघरासमोर, इतकंच काय माझ्या चष्म्याच्या डबीतसुद्धा केळीचा धागा आहे. पोरगी एकदा उंबऱ्याच्या आत आली की तिला निबंधाऐवजी चुंबळी वळायला बसवतील, याची मला खात्री आहे. मला बसवलं तसंच.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोन आता धंद्याचा झाला आहे आणि तो तुझ्या अक्काच्या कमरेला असतो. मला हवा असला तर कशासाठी ते सांगावं लागतं. एकतीस वर्षं ज्यानं वर्गातल्या पोरांना पाणी प्यायला जायची परवानगी दिली, त्याच्यावर ही वेळ आली. शिवाय फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं हेही एक कारण आहे, पण त्याच्याकडे मी मागाहून येतो.

ह्या सगळ्याची सुरुवात तूच करून दिलीस. कार्तिकात तू तुझ्या जुन्या साहेबांच्या पत्नीला, म्हणजे चारुलताबाईंना, आमच्याकडे घेऊन आलास. बाईंनी प्यायला पाणी मागितलं, तुझी अक्का कुंदा माठाकडे गेली आणि बाईंची नजर माठाखालच्या चुंबळीवर पडली. केळीच्या धाग्याची, कुंदानंच वळलेली. आपल्याकडे डोक्यावर घागर घ्यायची तर खाली काहीतरी वेटोळं हवं, म्हणून बायका ती वळतात आणि झिजली की चुलीत घालतात. बाईंनी मात्र ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली, मनगटात घालून पाहिली आणि पुण्याला माघात होणाऱ्या लेकीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला चुंबळीवर ठेवलेला तांब्याचा तांब्या द्यायचा, असं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. तुम्ही किती देऊ शकाल तो आकडा घरात ठरवून कळवा, उरलेल्या मी दुसरीकडून बघते, असं सांगून त्या गेल्या. ही कुंदाची परक्या माणसाकडून आलेली पहिली ऑर्डर. शेजारच्या पुना आणि सारिका या दोघींना घेऊन ती दोन दिवस विचार करत होती. तुझी बहीण कबूल केलेलं मोडत नाही हे तुला माहीत आहेच, त्यामुळे कबूल करतानाच ती फार कंजूष असते. शेवटी ती म्हणाली, सात सांगा. सात पक्क्या देईन, पुढचं पुढे. आणि पुण्याच्या बाईंशी शुद्ध बोलणारं माणूस हवं म्हणून फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

मी फोन केला. संध्याकाळी बाईंचा निरोप आला: सातशे चुंबळी पक्क्या, मनापासून आभार. (सातचे सातशे कसे झाले, ते तूर्त फोनच्या रेंजवर सोडून दे.) निरोप कुंदानंच आधी वाचला. मी वर्तमानपत्रामागे बसून होतो. आता ती काय बोलते म्हणून कान टवकारले. ती समोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, "मी करसू असं तुम्हाले वाटनं?" लग्नाला छत्तीस वर्षं झाली योगराज, या बाईनं मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि असा प्रश्न विचारावा असं मीही कधी काही केलं नव्हतं. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणालो, वाटलं. त्या दिवशी तिनं मला न विचारता वांग्याचं भरीत केलं. ते मी खाल्लं, पण दुसऱ्यांदा वाढायला मागितलं नाही.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगायची मला सवय नाही, तेव्हा तू चहा घेऊन बस.) एवढ्या मोठ्या कामाला व्यवस्थापक हवा म्हणून मी स्वतःची नेमणूक केली. पहिलं काम म्हणून दारावर पाटी रंगवली: 'कदलीतंतू कलाकेंद्र'. कदली म्हणजे केळ, तंतू म्हणजे धागा, यात न कळण्यासारखं काय आहे? पण दुसऱ्याच दिवशी वना पाटील कमरेला हात लावून आला आणि इथे तेल लावून देतात की नुसता काढा, असं विचारू लागला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. तिसऱ्याला तर कुंदानं खरंच पाठीला गरम विटेचा शेक सांगितला आणि त्याला गुणही आला, म्हणून पाटी काढली तरी लोक अजून येतात.

मग मी खोडं आणायची जबाबदारी घेतली. घड कापून नेला की केळीच्या खोडाचं काय करायचं हा शेतकऱ्याला प्रश्नच असतो, त्यामुळे पलीकडच्या मळ्यातल्या प्रेमराजनं हवी तेवढी न्या म्हणून सांगितलं. मी पांढरा नेहरू शर्ट घालून गेलो. केळीच्या चिकाचा डाग जन्मभर जात नाही हे मी पाचवीच्या मुलांना शिकवलेलं आहे, पण शिकवणं वेगळं आणि खोड खांद्यावर घेणं वेगळं. एक शर्ट गेला. मग आता याच कामाला ठेवू म्हणून तोच घालत राहिलो, तर त्या नादात धोतर गेलं. आता माझ्याकडे पांढऱ्या अशा फक्त मिशा उरल्या आहेत. ही खोडं सोलायची, सालपट फळीवर ठेवून बोथट पात्यानं खरवडायचं, गर गेला की धागा उरतो, तो धुऊन सावलीत वाळवायचा. मी खरवडलेलं पहिलं सालपट तुझ्या अक्कानं उजेडात धरलं आणि मला परत दिलं. लाल शाईनं गोल करून वही परत दिल्यावर पोरांना काय वाटत असेल ते मला एकसष्टाव्या वर्षी समजलं.

धागा वाळत घालायची जागाही मीच निवडली, पुनाच्या कुंपणाची. सावली उत्तम होती, वारा होता, आणि कुंपणाच्या पलीकडे पुनाची म्हैस होती, तिचा मी विचार केला नव्हता. साठ चुंबळींचा धागा तिनं एका दुपारी संपवला. पुना येऊन रडेल, माफी मागेल अशी माझी अपेक्षा होती. ती आली आणि म्हणाली, गुरुजी, काही राहिलं असेल तर द्या, आज दूध बरं उतरलं. कुंदा हसून हसून खाली बसली. मी मात्र गंभीर राहिलो, कारण व्यवस्थापकानं हसायचं नसतं, आणि खरं म्हणजे दिवस निघून चालले होते. बाईंना कबूल केलेली तारीख चुकली तर तुझ्या बहिणीचं नाव पहिल्याच घासाला जाणार होतं, आणि ते कोणामुळे हे मला एकट्यालाच माहीत होतं.

आता परीक्षेबद्दल लिहितो. वळून झालेली प्रत्येक चुंबळ डोक्यावर बसते की नाही ते बघितल्याशिवाय कुंदा ती बाजूला ठेवत नाही. बाईंच्या पाहुण्यांपैकी एकही माणूस ती डोक्यावर घेणार नाही, असं मी समजावून पाहिलं. त्यावर तिचं उत्तर, "मंग ती चुंबळच नही शे." आणि घरात केस नसलेलं, म्हणजे माप नीट लागेल असं, डोकं एकच. तेव्हा रोज सकाळी मी चुंबळ डोक्यावर ठेवतो, तिच्यावर भरलेला तांब्या, आणि ओट्यापासून कडुनिंबापर्यंत जाऊन परत येतो. तांब्या हलला तर चुंबळ नापास. पहिल्या आठवड्यात मीच नापास झालो, मग मान ताठ ठेवायला शिकलो. वाईट एवढंच, की रस्त्यानं जाणारे निम्मे लोक माझे विद्यार्थी. परवा समाधान, जो आता तलाठी आहे, मोटारसायकल थांबवून पाया पडायला वाकला. आशीर्वाद द्यायला मीही सवयीनं वाकलो. पूर्ण तांब्या त्याच्या कागदांवर. सातबारे आमच्याच दोरीवर वाळत घातले, म्हशीकडे लक्ष ठेवून.

पण तुला खरं सांगू का? मला बरं वाटतंय. दुपारी ओट्यावर मी, कुंदा, पुना आणि सारिका रांगेनं बसतो. धागा मांडीवर पिळताना बोलायला काही लागत नाही, आणि काही बोललं तरी चालतं. माझा पीळ उलटा पडतो म्हणून कुंदा तो उलगडते आणि माझा हात धरून पुन्हा दाखवते. छत्तीस वर्षांत तिनं माझा हात असा चार लोकांत धरला नव्हता. आज सहाशे बारा झाल्या. अजून अकरा दिवस आहेत, म्हणजे जमतं. माल भुसावळहून रेल्वेनं पुण्याला पाठवायचा आहे, तेव्हा पुढच्या रविवारी तू स्टेशनावर थांब, पार्सलच्या खिडकीवर तुझ्या ओळखीचा माणूस आहे ना. एवढ्यासाठीच हे पत्र. घरात सर्वांना आठवण.

तुझा,
भटू (गुरुजी)

ता. क. एवढ्यासाठीच नाही. त्या फोनला रेंज चांगली होती. झालं असं, की मी बोलत असताना पुना दारात येऊन तिची म्हैस आमच्याकडे आली आहे का ते विचारत होती, आणि मी फोनवर हात ठेवून तिला सांगत होतो, शे, शे, आठेच शे, म्हणजे इथेच आहे. तेवढ्यात बाईंनी विचारलं, मग आकडा किती? आणि माझ्या तोंडून, ज्या तोंडानं एकतीस वर्षं पोरांना 'शे' नाही, 'आहे' म्हणायचं, असं बजावलं, त्या तोंडून निघालं: आमचा आकडा सात शे. आपल्या बोलीत सात आहे, बाईंच्या बोलीत सातशे. चूक मला निरोप आल्यावर समजली. लगेच सांगायला हवं होतं. पण तिनं तो प्रश्न विचारला, आणि माझ्याच्यानं सांगवलं नाही.

ता. क. दुसरा. आता मुख्य काम. चारुलताबाईंना हे कधी ना कधी उमजणार आणि त्या तुमच्या कॉलनीत गंमत म्हणून सांगणार. लग्नाला तू आणि अक्का दोघं जाणार आहात. योगराज, तुझ्या पाया पडतो (वयानं मोठा असलो तरी), हे तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मी तिच्यावर भरवसा ठेवून तो आकडा सांगितला, असं ती समजते. तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे, पण हे तिला कसं पटवणार? हे पत्र तीच पोस्टात टाकायला नेते आहे. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही.

योगराजभाऊ, मी कुंदा. पाकिटाचा डिंक अजून ओला होता, उघडलं, वाचलं. चारुलताबाईंचा फोन मला निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आला होता. गुरुजी सात म्हणाले की सातशे, असं त्यांनीच विचारलं. मला सगळं समजलं. फार वाईट वाटलं. सकाळी जेवले नाही. शाळा सुटल्यापासून तीन वर्षं हे ओट्यावर भिंतीकडे बघत बसायचे, तासातासाला मला वेळ विचारायचे. त्या सकाळी बाहेर बघते तर हे हातात ब्रश घेऊन दारावर पाटी रंगवायला उभे, कोणी न सांगता. मी बाईंना म्हटलं, सातशेच. सात चुंबळींसाठी हे जागचे उठले नसते, भाऊ. त्यासले सांगू नको.