शेवटच्या रांगेतला प्याला

प्रिय माय,

तू जाऊन तीन वर्षं झाली. मला पत्रं लिहायची सवय नाही आणि तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हा उद्योग कशाला, असं तू म्हणशील. पण काल आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी जालन्याला माझ्या घरी आले होते. त्यांना तुझा फोटो हवाय. चर्चमध्ये वेदीशेजारच्या भिंतीवर लावणार आहेत, खाली 'हक्कांसाठी लढलेली भगिनी' असं लिहून! तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

फोटो लावायचा तो मानवी हक्कांच्या रविवारी. बाहेरून मोठे पाळकसाहेब येणार, समतेवर उपदेश होणार, आणि मी हातपंपाची गोष्ट सांगायची. चांगलं चांगलं बोला, असं सेक्रेटरी दोनदा म्हणाले.

बोलेन की! ती गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं. केदारखेड्याच्या अलीकडचं आपलं गाव, त्यात चालू हातपंप एकच, आणि आपण मांगवाड्यातल्या बायांनी सगळ्या गावाचं पाणी भरून होईपर्यंत उन्हात बसायचं. तू जुन्या पाळकसाहेबांना सोबत घेऊन भोकरदनच्या तहसीलात चकरा मारल्यास आणि एक कागद आणलास. पंपापाशी तो सगळ्यांच्या तोंडासमोर धरलास. "वाचा न् सरका," एवढंच म्हणालीस. कागद उलटा होता, माय! पण सरकले सगळे.

पाळकसाहेब त्या दिवशी तुझ्या शेजारी उभे होते. शिव्या त्यांनीही खाल्ल्या, त्यांची सायकल कुणीतरी नाल्यात फेकली. मंडळीतली पंधरा-वीस माणसं मागं उभी होती. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर रागावणं सोपं गेलं असतं.

कारण त्याच महिन्यात माझं दृढीकरण झालं. चौदा वर्षांची मी, पहिल्यांदाच प्रभुभोजनाची भाकर आणि सगळ्यांच्या एकाच प्याल्यातला द्राक्षरस घेणार होते. घाईघाईनं पुढं गेले आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी पहिल्या रांगेत गुडघे टेकले. तू मागून आलीस आणि दंडाला धरून मला उठवलंस. "इथं न्हाई, बाई. हे आपलंच घर हाय. घरच्या बाया मागून जेवत्यात."

शेवटच्या रांगेत आपल्या वाड्यातली चार घरं असायची. सगळ्यांचे ओठ लागून झाल्यावर प्याला तिथं आला तेव्हा उरलेल्या घोटभर रसात भाकरीचे कण तरंगत होते. मी डोळे मिटून प्याले.

का ग उठवलंस मला? अख्ख्या गावाला सरका म्हणणारी तू, तिथं का सरकलीस? पुढच्या रांगेतले लोक काही पाटील नव्हते. तेही गावानं बाहेरच ठेवलेले, फक्त दुसऱ्या वाड्यातले. पाण्यासाठी ते तुझ्या मागं उभे राहिले, पण तुझ्या ओठांचा प्याला त्यांना चालला नाही. आणि पाळकसाहेब? गावचा अन्याय त्यांना बराबर दिसायचा. चर्चमधला दिसला असता तर मंडळी फुटली असती ना! मला त्यांचा राग येतो आणि तुझाही येतो. तुझ्या आजारपणात पाय चेपताना हे कितीदा विचारायचं मनात आलं, पण धीर झाला नाही.

तू गेलीस तेव्हा याच सेक्रेटरींनी तुझ्या शवपेटीला खांदा दिला. रडलेही. मला वाटलं, मिटलं आता.

कसलं मिटतंय! फोटो लावायच्या त्याच रविवारी तुझी नात एस्तर पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार आहे. मी मुद्दाम तिचं दृढीकरण आपल्या गावच्या चर्चमध्ये ठेवलंय. काल सेक्रेटरींनी माझ्या घरचा चहा दोन वेळा घेतला, आणि निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाले, "ताई, पोरीला तेवढं शेवटच्या रांगेत ठेवा. मंग सगळं बराबर होतंय."

म्हणजे आजी वेदीपाशी आणि नात दारापाशी! आणि मी काय केलं? मान हलवली. तुझीच लेक ना मी. आत आले तर एस्तरनं सगळं ऐकलं होतं. "मम्मी, तू हो का म्हणालीस?" असं तिनं विचारलं. मी रात्रीच्या भाजीचं काहीतरी बोलून तो विषय टाळला. माय, तुला मी जे कधी विचारू शकले नाही, ते तिनं मला एका झटक्यात विचारलं.

म्हणून तुला शब्द देते. त्या रविवारी एस्तर पहिल्या रांगेत गुडघे टेकेल आणि मी तिच्या शेजारी असेन. तिनं घोट घेतल्यावर त्याच प्याल्यातून सेक्रेटरींनी घेतला, तरच तुझा फोटो मी पिशवीतून बाहेर काढीन. ते उठून गेले, तर फोटो परत घरी येईल. आणि दोन शब्द बोलायला उभी राहीन तेव्हा हातपंपाचं सांगणार नाही, प्याल्याचं सांगेन. तू मला दंडाला धरून उठवलंस, तेही सांगेन. तुला वाईट वाटेल. वाटू दे.

तुझी,
करुणा