पांढऱ्या कातड्याचा ॲप्रन

प्रिय समृद्धी,

फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून पत्र लिहितोय. घरी सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल कुणीच नाही. अनिता वहिनी शेवंती तोडायला जाते, कुणाशी बोलत नाही. आईनं कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. त्याचं कारण पुढे येईल, आधी मला जरा धीर गोळा करू दे.

परवा तुझ्या हरिबा आजोबांच्या मातीला दौंडला आलो होतो. सगळ्यांच्या मागे, बाभळीपाशी उभा होतो. तू पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. शेवटचं दर्शन घेताना तुझे हात रिकामे होते. त्या हातांत काय असायला हवं होतं ते तुला ठाऊक होतं. मलाही होतं.

आपला दिवाळसण आठवतो? तू आणि तुझी आई आत अनारसे तळत होतात. बाहेर आजोबांनी ट्रंकेतून तो पांढऱ्या कातड्याचा ॲप्रन काढला. त्यावर डोळा, कवटी, कंपास, गवंड्याचा गुण्या, आणि खाली लॅटिन अक्षरं. आजोबा रेल्वेत गार्ड होते तेव्हा लाइनीपलीकडच्या इमारतीत फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाच्या सभेला जायचे. गाव त्या इमारतीला जादूघर म्हणायचं. मी जावयाच्या तोऱ्यात विचारलं, यानं मूठ मारता येते का? म्हातारा पोट धरून हसला. मग एकेक खूण समजावली. गुण्या म्हणजे वागणं सरळ ठेवायचं, कंपास म्हणजे हावेला वेसण घालायची, कवटी म्हणजे मरण विसरायचं नाही, आणि डोळा म्हणजे वरचा बघतोय. हा ॲप्रन समृद्धीकडे जपायला देणार, म्हणाले, मी गेलो की माझ्या छातीवर ठेवायला.

खाली लिहिलं होतं, ऑडी, विदे, तासे. ऐक, बघ, गप्प राहा. मी म्हटलं, हे तर घरजावयाचं ब्रीद झालं. या वेळी मात्र ते हसले नाहीत.

“पावनं, दुसऱ्यानं इश्वासानं सांगितलेलं पोटात ठेवायचं, एवढ्यापुरतंच ते गप्प ऱ्हाणं हाय. डोळ्यादेखत कुणावर आळ आला आन् गप्प बसला, तर तो आमच्यातला न्हाई.”

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

वहिनीचा दुसऱ्यांदा गर्भ गळाला, त्याच आठवड्यात आईनं गोधडीसाठी तुझी पेटी उघडली. कवटी दिसली आणि घर भावकीनं भरलं. तू सांगत होतीस, आजोबांचं आहे, त्यांची आठवण आहे. जादूघरातल्या म्हाताऱ्याचं म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. वहिनीच्या कुशीवर तू करणी केलीस, असं तुझ्या तोंडावर बोलले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फरशी बघत होतो. आई म्हणाली, नदीत टाकून ये. मी मुकाट्यानं ॲप्रनला दगड बांधला आणि भीमेच्या डोहात सोडला. घरी आलो तेव्हा तू गेलेली होतीस.

मला कवटीची भीती नव्हती, करणीवर विश्वास तर मुळीच नव्हता. भीती एवढीच, की भावकी मला बाईलवेडा म्हणेल. हे लिहितानाही लाज वाटते.

तुझ्या पोलिसांतल्या तक्रारीचं कळलं. तुझ्यावर करणीचा आळ घेतला म्हणून तू आईचं आणि भावकीतल्या लोकांचं नाव दिलंस, माझं वगळलंस. तुझ्या वडिलांनी निरोप्याला सांगितलं म्हणे, जावयाला बिचाऱ्याला त्या वस्तूतलं काय कळणार, आईनं सांगितलं ते त्यानं केलं. तो ‘बिचारा’ शब्द मला चार दिवस झोपू देत नाही. काल दुपारी भावकीला ओट्यावर बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, की ॲप्रन कुणाचा, कशासाठी, हे मला दिवाळसणापासून माहीत होतं. आई तेवढी म्हणाली, “मग तवाच का न्हाई बोललास?” आणि रात्री वाढलेलं ताट सरकवून उठली.

समृद्धी, आईला माहीत नव्हतं. मला होतं. परत ये म्हणायला मी हे पत्र लिहिलेलं नाही, तो हक्क मी डोहात टाकला. सोमवारी सकाळच्या गाडीनं दौंडला येतो आणि ठाण्याबाहेर थांबतो. तक्रारीत माझं नाव घाल, आणि सगळ्यांच्या वर घाल.

तू म्हणू दिलंस तरच तुझा,
सत्यजीत