शिंकेचा मान

तैपेई, ४ मार्च

ती. लांगुई आत्यास,
पुनीचा साष्टांग नमस्कार.

राळा पेरून झाला का? गुडघा कसा आहे? आता रागावू नकोस. आपल्या भाषेच्या शाळेच्या पुस्तकासाठी तू सांगितलेली साठ वाक्यं आमच्या मंडळाने ‘सुधारली’ आहेत. वाक्यात आपण ‘मी’ आधी म्हणतो, ‘तू’ नंतर. खालच्या खोऱ्यात उलटं. तिकडची माणसं जास्त, म्हणून सगळ्यांना तिकडचीच रीत. आपली पोरं घरच्यासारखं बोलली तर परीक्षेत चूक धरणार. आमचे साहेब बुधवारी, सुधारलेली वाक्यं तुला मान्य आहेत असा कागद घेऊन येतील. सही कर ना गं! नाहीतर माझी नोकरी जाईल.

लोभ असू दे, रागही चालेल.
तुझी पुनी

वरचं गाव, ११ मार्च

चि. पुनीस आशीर्वाद.

तुझे साहेब आले. रानडुकराचं मटण वाढलं, राळ्याची दारू दिली. पाहुण्याशी कसलं वैर! मग त्यांनी कागद पुढे केला, मी पेन उचललं आणि साहेब शिंकले. झालं! बघायला जमलेलं गाव उठून घरी गेलं. शिंकेनंतर आपल्यात कुणी शिकारीलाही निघत नाही, मग सही कशी होणार? बिचारे मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंकले. चुलीत मिरच्या कुणी टाकल्या ते विचारू नकोस.

तिसऱ्या दिवशी मात्र मी चूल विझवली आणि तोंडावर सांगितलं, की माझी आई बोलायची तशीच मी बोलणार. बहात्तर वर्षांत मला कुणी चुकलीस म्हटलं नाही. आता पोरांना चुकलात म्हणणारे हे कोण लागून गेले? घरच्या माणसाची सहीही चालते म्हणाले, म्हणजे तुझ्याकडेच येतील. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे, बाई. तू ठरव, मी नावं ठेवणार नाही.

काहीही केलंस तरी माया तेवढीच.
तुझी आत्या

तैपेई, १८ मार्च

ती. आत्यास सा. न.

काल साहेबांनी सगळ्यांसमोर कागद माझ्यापुढे ठेवला. घरभाडं आठवलं, मग तू आठवलीस. पेन उघडलं आणि कचेरी दणाणेल अशी शिंकले! साहेबांनी विचारलं, मग उद्या करणार का? मी सांगितलं, उद्याही शिंक येणार आहे, परवाही.

नोकरी गेली. शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन येतेय. साठच्या साठ वाक्यं पुन्हा सांग, तुझ्या तोंडची. पुस्तक आपणच काढू. त्या दिवशी तेवढी चुलीत मिरची टाकू नकोस.

येईपर्यंत आठवण काढ.
तुझी पुनी