कपाट होतं तिथे

ता. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. आई न्हाणीघरात घसरली असं मागच्या पत्रात मी लिहिलं, ते खोटं आहे. दादाने तुला फोनवर तसं सांगितलं आणि मी तेच कागदावर उतरवलं. आई बाहेरच्या खोलीत पडली, मी मांडलेल्या काचेच्या बुटक्या टेबलावर.

माझं काम तुला ठाऊक आहे. विकायला काढलेली घरं मी सजवते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला ते आपलंच वाटायला हवं. दादा म्हणाला, आपलंही घर विकायचंय, आईची संमती आहे, घरात तू असताना बाहेरचं माणूस कशाला? मी हुरळले. फोटो खोक्यात भरले, बाहेरच्या खोलीतलं आईचं कपाट अडगळीत ढकललं. खोली दीडपट मोठी दिसायला लागली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

आईला सहा वर्षं नुसता उजेड-अंधार कळतो. पलंगावरून उठली की कपाटाची कड, मग खुर्चीची पाठ, मग शिवणयंत्राचं झाकण, मग दार. हे मी डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय, मावशी. त्या सकाळी तिने कपाटासाठी हात पुढे केला आणि हाताला काहीच लागलं नाही.

हॉस्पिटलात जाताना दादा म्हणाला, न्हाणीघर सांगू, नाहीतर लोक तुझ्या नावाने खडे फोडतील. मी मान डोलावली. आता ती प्लास्टर घालून तुझ्याकडे आहे. माझ्यावर रागावली असेल तर लपवू नकोस.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
तुझी
मोजपट्टी


ता. ८ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा राखून ठेवलाय.

तुझी आई बरी आहे. एका हाताने माझ्या स्वयंपाकघरावर राज्य करते. डब्यांच्या जागा बदलल्यास तर याद राख, असं मला माझ्याच घरात बजावलं.

तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. अगं, पडली ती. कुठे पडली हे तिला कळणार नाही? तुला बोल लागू नये म्हणून तोंड मिटून होती. पण घर विकायचंय या ओळीवर तिने मला थांबवलं. पुन्हा वाच म्हणाली. मी तीनदा वाचली.

तिला काही म्हणजे काही माहीत नाही! घराला रंग द्यायचाय, एवढंच दादाने सांगितलेलं. घर तिच्या नावावर, आणि तिलाच पत्ता नाही. परवा त्याचा फोन होता, पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याचे कागद घेऊन येतो, सही लागेल म्हणून. माझं रक्त उकळतंय. येऊ दे तर खरा!

तू मात्र रडत बसू नकोस, ती तुझी जुनी खोड. आईचं मागणं एकच आहे: कपाट होतं तिथे हवं.

तुझी
मावशी


ता. ११ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

रडले नाही. दादाला समोर बसवून विचारलं. आधी कानावर हात, मग म्हणाला की त्याच्या ऑफिसजवळ दोन खोल्या घेऊ. जिला दिसतच नाही तिला कुठलंही घर सारखंच.

त्याच्यापुढे मी जन्मात आवाज चढवला नव्हता. काल शेजारी गॅलरीत येऊन उभे राहिले. निघताना तो म्हणाला, घर सजवलंस तू, आता साळसूदपणाचा आव कशाला? हे त्याचं बोलणं खरं आहे, म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो. आईला एकदा विचारायचं होतं फक्त. एकदा.

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक खोलीची मांडणी मोजून वहीत लिहिते. या घराचीही लिहिली आहे. भिंतीपासून कपाट नऊ इंच, कपाटापासून खुर्ची सव्वादोन फूट. एक इंचही इकडे-तिकडे होणार नाही. काचेचं टेबल मी आजच उचलून परत केलं. बाकीच्यासाठी दोन हमाल ठरवलेत, रविवारी सकाळी सहाला येतील.

दादाचं गिऱ्हाईक त्याच दिवशी अकराला यायचंय. येऊ दे. दार आई उघडेल, आणि घर विकायचं नाही हे तीच सांगेल. तोवर ती कुठल्याही कागदावर सही करणार नाही, एवढं तू बघ.

तुझा लोभ मला पुरून उरतो, आता थोडा धीरही दे. आईला दहाच्या आत घेऊन ये. कपाट जागेवर असेल, रविवारी, १७ मार्चला.

तुझी
मोजपट्टी