तेलाचं भोक कुठे पाडायचं

गाझियाबाद,
१४ जुलै १९९५

प्रिय क्षिप्रा,

"सर, पण पट्टा कुठल्या बाजूला ओढतोय ते कळल्याशिवाय कसं सांगणार?" असं तू लॅबमधल्या तोंडी परीक्षेत म्हणालीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. मोटरच्या बुशला, म्हणजे शाफ्टचा दांडा ज्यात फिरतो त्या पितळी नळीला, तेलाचं भोक कुठे पाडाल, एवढाच सरांचा प्रश्न होता. मी ताठ मानेनं सांगितलं होतं, वर. तेल काय, खालीच वाहणार. मग तू बोललीस, सर 'शाबास' म्हणाले, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "यतीन, तू तो गया यार!" नंतर व्हरांड्यात मी तुला जे बोललो ते इथे लिहवत नाही. तिसरं वर्ष अर्धवट टाकलं, घराचं दार आपटलं आणि बस पकडली. आईला वाटतं मी बाबांशी भांडून गेलो. भांडण तुझ्याशी होतं, आणि तू तर भांडलीही नव्हतीस.

इथे बलबीरजींच्या वर्कशॉपात मोटरी दुरुस्त करतो. पलीकडे शेतांत नव्या सोसायट्या उठतायत, त्यांच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी निघाली आहे. तिची मोटर जुनी, पितळी बुशची. खड्ड्यात बसवलेली, गिरणी वर. महिन्याभरात तिसऱ्यांदा बुश जळाला. दर वेळी नवा बुश मीच करायचो, भोक मीच पाडायचो. वर. बलबीरजी म्हणाले, "इंजिनियर साहब, तेल मोटर पी रही है या आप?" माझं डोकं फिरलं, पाना फेकला. मग लाज वाटली, तो उचलायला वाकलो, तर बाकाखाली तिन्ही जळके बुश पडलेले. ते ओळीनं मांडले. सांगू? तिन्ही वरच्या बाजूनं झिजलेले, नेमके भोकापाशीच. खालची बाजू जवळजवळ नवी.

पट्टा वर ओढत होता ना! शाफ्ट वरच दाबून बसलेला, भोकाच्या तोंडावरच. तेल शिरणार कुठून? तुझा प्रश्न आठवला आणि मी एकटाच हसलो. मग दोन दिवस दुसरं काही सुचेना. भोक बाजूला घेतलं, जिथे शाफ्ट सैल असतो तिथे, फिरण्याच्या दिशेनं दाबाच्या थोडं आधी. आत उथळ चर कोरला, पण दाबाच्या जागेला हात लावला नाही. गंमत बघ, दाबाखाली तेल ढकलून जात नाही. सैल जागी दिलं की फिरता शाफ्ट स्वतःच ते ओढून नेतो आणि मग त्याच तेलावर तरंगतो. इतकं पातळ तेल एवढं ओझं उचलतं तरी कसं? पुस्तकात असेल, माझं पुस्तक तुझ्याकडेच राहिलं. पाच तास गिरणी चालली, मी मोटरवर हात ठेवून बसलो. कोमट, बस. बलबीरजींनीही हात ठेवला, आणि पहिल्यांदाच टोमण्याऐवजी माझ्यासाठी चहा मागवला.

मला तुझ्यावर रुसायचं होतं, क्षिप्रा, म्हणून तुझा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. तू अजून माझ्या मनातून गेली नाहीस, हे मात्र तुला ठाऊकच असेल. नसतं तर माझ्या आईकडून इथला पत्ता काढून कॉलेजच्या पुनर्प्रवेशाचा फॉर्म कशाला धाडला असतास? सोबत एकच ओळ: 'शेवटची तारीख १४ जुलै.' महिनाभर तो गादीखाली होता. रागानं चुरगळला, दोनदा इस्त्री केला. आज चौदा तारीख. दिल्लीत आर. के. पुरमला तुमच्या घरच्या टपालपेटीत हे पत्र टाकून कॉलेजात जाणार आहे. तू चौथ्याला, मी पुन्हा तिसऱ्याला. व्हरांड्यात भेटलीस तर आधी माफी मागेन, मग बाकीचं. खिशात जळका बुश आहे, सरांना दाखवायला. साडेआठची बस आहे, त्यामुळे आता सही करतो, दार ओढून घेतो आणि निघतो. आपटणार नाही.

तुझाच, तुला ठाऊक असूनही अजून न सांगितलेला,
यतीन