चामड्याचा पट्टा

३ डिसेंबर
स्थळ म्हणून आलेल्या हितेशने घड्याळ दिलं! रुंद चामडी पट्ट्याचं, तेही दुसऱ्याच भेटीत. कोलशेतची माणसं, हात सैल. पण छातीत धडधड म्हणतात ती काही झाली नाही. रविवारपर्यंत आईला सांगायचंय — हो की नाही.

४ डिसेंबर
घड्याळ घालूनच केमिकल कंपनीत गेले — मिरवायला नको? प्लांटमध्ये चामड्याला बंदी, म्हणून बाही खाली ओढलेली. नेमकं अ‍ॅनिलीनचं सॅम्पल काढताना मनगटावर सांडलं. हात खसाखसा धुतला, पट्टा पुसून टाकला. कोणी पाहिलं नाही!

५ डिसेंबर
संध्याकाळी तलावपाळीला, बाकावर हितेश. घड्याळ अर्थात हातात. आणि काय सांगू — डोकं गरगरलं, छाती धडधडली! तो म्हणाला, "लिपस्टिक भारी हाय. जांभळी." लिपस्टिक लावलीच नव्हती. थंडीने असेल.

७ डिसेंबर
घड्याळ घालून पुन्हा भेटले, पुन्हा चक्कर. म्हणजे प्रेमच! आईने विचारलं, "पोऱ्या बरा हाय ना गो?" म्हटलं, बरा काय, तो समोर आला की मला धड उभं राहता येत नाही. तिने उभ्या उभ्या कोलशेतला फोन लावला. साखरपुडा पुढच्या रविवारी! पट्ट्याला मासळीचा वास येतोय. आमच्या घरात कशाला येत नाही?

९ डिसेंबर
आनंदाच्या भरात घड्याळासकट प्लांटवर. सेफ्टीच्या उत्तरा मॅडमनी माझे ओठ बघितले, नखं बघितली, मनगट पकडलं. "दर्शना, अ‍ॅनिलीन रंगाला लागतं, रबराला लागतं, औषधांनाही लागतं. अंगाला लागलं की कातडीतून रक्तात जातं आणि रक्त प्राणवायू नेईनासं होतं. मग ओठ निळे, डोकं गरगर, छाती धडधड. चामडं ते पिऊन बसतं. पुसून जात नाही. हा मासळीसारखा वास त्याचाच."

पट्टा चिमट्याने उचलून डब्यात बंद. मी दवाखान्यात, ऑक्सिजनवर. मास्कच्या आत हसत होते. मेले असते तर लोक म्हणाले असते, पोरगी प्रेमात गेली! घाबरलेही होते, खोटं कशाला लिहू. आई कोपऱ्यात रडत होती.

१२ डिसेंबर
ओठ गुलाबी. हितेशला भेटले, रिकाम्या मनगटाने. तोच हितेश, तोच बाक. डोकं जागेवर, छाती शांत.

साखरपुडा परवा.