वरच्या मजल्याच्या सळया

बाबा, गेल्या आठवड्यात मी तुमच्या सळया कापून घेतल्या. गच्चीवर वरच्या मजल्यासाठी उभ्या ठेवलेल्या, गंजलेल्या, सगळ्याच्या सगळ्या. कटरचा आवाज ऐकून आई खालून ओरडली, "तुह्या बाबाले इचारलं काय वं?" तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी या घरात परवानगी तुमचीच लागते. माझं डोकंच फिरलं. "आपन त्यायले इचारत बसलो म्हणूनच तर हे हाल झाले!" मी वरूनच म्हटलं.

तो मजला दादासाठी होता. दादा आठवीत असल्यापासून तुम्ही मनातल्या मनात त्याची बायकोपोरं वर नांदवत होता, आणि म्हणून खालचा स्लॅब जन्मभर उघडा. कोबा नाही, फरशी नाही, कारण "वर मजलाच येनार हाये तं छतावर खर्च कशाले?" सळयांना मात्र दर दसऱ्याला सिमेंटचा हात. पावसाळ्यात त्यांच्या मुळाशी पाणी मुरायचं आणि भिंतींना ओल यायची. उन्हाळ्यात तोच स्लॅब तव्यासारखा तापायचा, आणि त्याच्याखाली आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पोळ्या लाटायची. कूलर बैठकीत, तुमच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. त्याच्या हवेनं गॅस विझतो म्हणे!

मी एकोणीस वर्षांची होते. त्या मे महिन्यात आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच, स्लॅब कमी तापावा म्हणून, मी बादलीभर चुना कालवला, झाडू घेतला आणि वर गेले. पाव गच्चीही पांढरी झाली नव्हती तोवर तुम्ही आलात. "कोनं सांगतलं तुले? चुन्यावर मंग सिमेंट धरते काय?" म्हणालात आणि बादली उचलून पन्हाळीत ओतून दिलीत. मी तशीच उभी, हातात झाडू, पाय चुन्यानं भरलेले. खालून आई म्हणाली, "जाऊ दे वं, दोन महिन्याचा तं उन्हाळा." नागपुरात, दोन महिन्यांचा! दादानं पुण्यात फ्लॅट घेतला, तुम्ही त्याच्या वास्तुशांतीला जाऊन जेवून आलात, आणि त्या दसऱ्यालाही सळयांना सिमेंट लावलंत. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

यंदा एप्रिलमध्ये आई त्याच ओट्यापाशी पुन्हा पडली. या वेळी चार दिवस दवाखान्यात होती. ती घरी आली त्याच दिवशी मी मिस्त्री बोलावला. त्यानं सळया कापल्या, पाझर बंद केला, उष्णता अडवणाऱ्या जाड शीटा अंथरल्या, वर कोबा आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. आज दुपारी दोन वाजता आई स्वयंपाकघरात चटई टाकून झोपली आहे. टॉवेल दोरीवर कोरडाच लटकतो आहे. मी शेजारी बसून हे लिहिते आहे. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण मग पुढचंही तुम्ही वाचलं असतं. माझी बादली तुम्ही एकदाच ओतलीत. तुम्ही गेल्यावर जिना तोच होता, चुना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता, मी याच घरात आईजवळ राहत होते. पंधरा उन्हाळे मी दुसरी बादली भरली नाही.